गुंतवणूक पैशाची आणि वेळेची

सुटीत आलेल्या नातवाने मला ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका पाहावयास बसविले. अशा मालिका म्हणजे मुलांची करमणूक, हा माझा समज त्यामुळे गळून पडला.

दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी १९९९, २००२ आणि २००५ साली या कथेचे तीन चित्रपट काढले. प्रत्येकाचा खर्च ११ कोटी डॉलरहून अधिक. अनाकिन हा गुणी योद्धा पुढे क्रूर डार्थ व्हेडर कसा होतो, हा त्यांचा विषय. दृश्ये भव्य आहेत. परंतु त्याचे अधःपतन मनाला पटत नाही. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस युद्ध पेटते आणि तिसरा उघडतो तेव्हा ते संपत आलेले असते. माणूस ज्या वर्षांत बदलला, ती वर्षेच गाळली गेली.

लुकस आणि डेव्ह फिलोनी यांनी २००८ मध्ये नेमकी तीच वर्षे या मालिकेसाठी निवडली. आरंभ निराशाजनक होता. मालिकेपूर्वी चित्रपटगृहांत आलेल्या अ‍ॅनिमेशनपटावर समीक्षकांनी कठोर टीका केली. मध्यंतरी मालिका बंदही पडली. तरीही २०२० पर्यंत सात पर्वे आणि १३३ भाग पूर्ण झाले. जे एकरकमी भांडवलाला साधले नाही, ते बावीस-बावीस मिनिटांच्या हप्त्यांनी साधले.

त्या तीन चित्रपटांत नसलेली असोका ही अनाकिनची शिष्या. पाचव्या पर्वाच्या अखेरीस तिच्यावर स्फोटाचा खोटा आळ येतो आणि तिचीच परिषद तिला संघातून काढून टाकते. अनाकिन खरा अपराधी शोधतो. परिषद तिला परत बोलावते. एक ज्येष्ठ क्षमा मागतात. दुसरे मात्र ही तिची परीक्षाच होती असे सांगतात. ती नम्रपणे नकार देऊन निघून जाते. पाच पर्वे तिच्यासोबत घालविलेल्या प्रेक्षकाला तिने काय गमावले हे उमजते आणि अनाकिनच्या मनात परिषदेविषयी कटुता कशी रुजली, हेही दिसते.

तो भाग पाहताना मला माझी जुनी शाखा आठवली. रोकड कमी भरली आणि संशय एका तरुण रोखपालावर गेला. तिसऱ्या दिवशी चूक नोंदीतली निघाली. ‘झाले गेले विसरून जा,’ असे आम्ही त्याला म्हणालो. ‘आमचे चुकले,’ असे कोणीच म्हटले नाही; मीही नाही. महिन्याभरात त्याने बदली मागून घेतली.

“आजोबा, सगळ्यांनी बोलावलं, तरी ती परत का नाही गेली?” नातवाने विचारले.

“बाळा, निर्दोष ठरलं म्हणून उडालेला विश्वास लगेच परत येत नाही,” मी म्हणालो.

व्यापारात पत जपणाऱ्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. परंतु दुकानातील नोकरालाही पत असते, एवढे स्मरणात ठेवावे. परिषदेने निदान क्षमा तरी मागितली होती. आमच्याकडून तेवढेही झाले नाही.