‘वसई रोड’ मधला रोड कुठे आहे?



चौथीच्या वर्गात ‘रोड म्हणजे रस्ता’ असं फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, मग वसई रोड हे स्टेशन कसं?” वर्ग हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

रेल्वेत गावाच्या नावापुढे ‘रोड’ लागलं की समजायचं, गाव स्टेशनपासून लांब आहे, इथे उतरून पुढे रस्त्याने जायचं. जुनं वसई गाव आणि किल्ला स्टेशनच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आहेत. इंग्रजांनी स्टेशनला ‘बॅसीन रोड’ म्हटलं. स्टेशनचा कोड आजही बीएसआर आहे, तो त्यावरूनच. आपल्या जिल्ह्यातले केळवे रोड आणि डहाणू रोड तसेच. पण ग्रँट रोडचं काय? ग्रँट नावाचं गावच नाही! मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं नाव रस्त्याला दिलं आणि त्या रस्त्यावरून स्टेशनला.

म्हणजे ‘रोड’ तोच, पण दोन शब्दांमधलं नातं वेगळं. नुसते शब्दार्थ पाठ करून हे नातं कळत नाही. आपल्याकडे मात्र त्यासाठी छान साधन आहे, समासाचा विग्रह! पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. तसंच वसई रोड म्हणजे वसईला जाणाऱ्या रस्त्याचं स्टेशन. रेनवॉटर म्हणजे पावसाचं पाणी, पण रेनकोट म्हणजे पावसापासून वाचवणारा कोट. मुलं हे पटकन पकडतात.

काही पालक विचारतात, “इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला?” त्यांची काळजी मी समजू शकते. सगळंच भाषांतर करून शिकवलं तर मूल इंग्रजी बोलणार कधी? म्हणून विग्रह एकदाच करावा आणि लगेच तो शब्द इंग्रजी वाक्यात वापरायला लावावा. पण अर्थ न कळता वीस शब्द दहा-दहा वेळा लिहून घेण्यात काय हशील? मूल परीक्षेपुरतं लिहितं आणि पुढच्या आठवड्यात विसरतं. वर “आमच्या मुलाला इंग्रजी जमत नाही” हा शिक्का त्याच्यावरच बसतो.

या रविवारी मुलांना लोकलने घेऊन जा. चर्चगेटपर्यंतच्या पाट्या वाचायला सांगा आणि प्रत्येक ‘रोड’ला विचारा, हा रोड कोणता? गावाला जाणारा, की कोणाच्या नावाचा?