बेंदराच्या रंगाखाली



कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे आपल्या भागात बेंदूर दोन होतात. ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय. पुरणपोळीचा प्रश्न असल्यामुळे आम्हा मुलांची त्याला काही हरकत नाही! आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तेलाने मळायचे, दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीवर अंघोळ, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. आई ओवाळते आणि बैलाच्या पाया पडते.

यंदा बैल धुवायला मी आण्णांच्या संगं गेलो होतो. आमच्या हौशाच्या मागच्या अंगाला शेपटीजवळ बारीक बारीक गाठी हाताला लागल्या. मी विचारले, "हे काय हो आण्णा?" आण्णा म्हणाले, "उसाच्या वक्ताला आर लागलीया, दुसरं काय न्हाई." आर म्हणजे काठीच्या टोकाचा खिळा, हे तुम्हाला सांगायला नको. घरी आल्यावर त्या गाठींवर मीच रंगाचे ठिपके मारले. ते काही मला बरे वाटले नाही.

माझे मत असे, की आर बंद झाली पाहिजे. गुरुजींनी सांगितले, की १९६० साली प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी कायदा झाला आणि १९६५ साली ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम आले. त्यात अणकुचीदार काठी वापरायला बंदी आहे. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. गाडीत ओझे किती भरायचे तेही ठरलेले आहे.

हे मी आण्णांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वाहतुकीचं पैसं टनावर मिळत्यात. गाडी हलकी भरली तर भागायचं कसं? आन् चढाला बैल थांबला, गाडी मागं आली, तर बैलबी जातोय आन् माणूसबी." हे काही खोटे नाही. पण आज्जा सांगतात, की त्यांच्या वेळी चढ आला की मागच्या गाडीची जोडी सोडून पुढच्या गाडीला जुंपत. एकजण चाकामागे दगड घेऊन चाले. मग आता का होत नाही? सगळ्यांना पुढं जायची घाई. ट्रॅक्टर आला की प्रश्न मिटेल, असे वर्गातली काही मुले म्हणतात. पण मग हौशा कुठं जाणार?

२०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा आण्णा रात्री बॅटरी घेऊन तीन-तीनदा गोठ्यात जायचे. हौशाच्या अंगावरून हात फिरवून गाठ आलीय का बघायचे. तोच हात आर कसा धरतो, हे मला कळत नाही.

कारखाना सुरू व्हायला अजून अवकाश आहे. आमच्या काठीचा खिळा मी काढून कंपासपेटीत ठेवलाय. आण्णांना ठाऊक नाही. आज ते शाळेत येणार आहेत, तेव्हा इथंच वाचतील.

— इयत्ता सातवी