हार पुरेत, पगार द्या

आफ्रिकेतले एखादे खेडे ‘पाहून’ आलेल्या माणसाचा लेख कसा असतो, हे आता पाठ झाले आहे. तांबडी माती, गवताने शाकारलेली गोल घरे, उघडी मुले आणि त्यांच्यातून हसतमुखाने हिंडणारी आरोग्यसेविका. शेवटी लेखकाचे डोळे भरून येतात. वाचकही गहिवरतो आणि चकलीचा पुढचा तुकडा मोडतो. या लेखांशी माझे भांडण आहे. डोळ्यांत पाणी आले की समोरचे नीट दिसत नाही!

इथिओपियाचेच घ्या. २००३ साली तेथील सरकारने एक योजना आखली. केबेले म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा, सुमारे पाच हजार वस्तीचा विभाग. प्रत्येक केबेलेत एक आरोग्य चौकी आणि चौकीत दोन तरुणी. त्याच भागातल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, वर्षभर शिक्षण देऊन तयार केलेल्या. संडासाचा खड्डा, मच्छरदाणी, बाळाची लस, लांबवायचा पाळणा, सारे त्या दारोदार जाऊन समजावतात. अशा तीस हजारांहून अधिक स्त्रिया कामाला लागल्या. १९९० साली त्या देशात हजारांतली २०४ मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. २०१२ साली हा आकडा ६८ वर आल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले. सारे श्रेय या स्त्रियांचेच, असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्यावाचून हे घडले असते, असेही कोणी म्हणू नये.

पाहुण्याला हे सगळे दिसते. दिसत नाही ती एकच गोष्ट : या बाईला सरकार दरमहा पगार देते. तो लठ्ठ नाही, पण पगार आहे. ती ममतेची मूर्ती नव्हे, नोकरदार बाई आहे. आणि त्याच देशाने २०११ पासून तिच्या हाताखाली ‘महिला विकास सेना’ उभी केली. पाच-पाच घरांमागे एक बाई, तीही बिनपगारी! सेना म्हणायचे आणि शिधा द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

यावर शहाणी माणसे म्हणतात, “पैसा आला की सेवाभाव जातो.” असे का? मी मास्तर आहे. पहिल्या तारखेला पगार घेतो; म्हणून माझे बाराखडी शिकवणे खोटे ठरले नाही. डॉक्टर घेतात, कलेक्टर घेतात. त्यांच्या सेवाभावाची चौकशी कोणी करीत नाही. ती फक्त धुळीतून पायी हिंडणाऱ्या बाईची होते.

आणि हे दूरदेशीचे गाऱ्हाणे नव्हे. २००५ पासून आपल्या खेड्यापाड्यांत आशाताई हिंडत आहेत. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’. त्यांना मिळते ते ‘मानधन’. म्हणजे मान आपण द्यायचा आणि धन त्यांनी मागत बसायचे! त्यासाठी त्यांना पुनःपुन्हा संपावर जावे लागले. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. जाहीर करणारे संघटनेचे प्रमुख टेड्रोस हे २००५ ते २०१२ या काळात इथिओपियाचे आरोग्यमंत्री होते. याच संघटनेने २०१८ साली सांगून ठेवले आहे की, अशा कामगारांना कामाच्या मानाने मोबदला द्यावा. आपण गौरवाचा हार उचलला, उपदेश मात्र खाली ठेवला.

तेव्हा, वाचकहो, यापुढे कोणी आफ्रिकेतले खेडे पाहून आला तर त्याला त्या बाईच्या हसण्याविषयी विचारू नका. तिला गेल्या महिन्याचा पगार मिळाला का, ते विचारा. आणि दिवाळीनंतर नोंदवही घेऊन आशाताई तुमच्या दारी येतील, तेव्हा फराळाचे ताट जरूर द्या. पण पुढे मते मागायला येणाऱ्याला हाच प्रश्न विचारल्यावाचून उंबरठा ओलांडू देऊ नका.