मालिकांची आणेवारी

ज्या राज्यात पिकाची आणेवारी ठरविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेथील वाचकाला दूरचित्रवाणीचा टीआरपी समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडू नयेत. शिवारातील निवडक तुकडे कापून, त्यांतून निघालेल्या धान्याच्या वजनावरून सबंध गावाच्या पिकाचा अंदाज बांधावयाचा आणि सारासूट, तगाई, दुष्काळाची जाहिरात हे सारे त्या एका आकड्याच्या स्वाधीन करावयाचे, ही महसूल खात्याची जुनी तजवीज. आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली, तरी पीक पन्नास पैशांच्या आत की बाहेर या प्रश्नावर तालुक्यातालुक्यांत आजही रदबदली चालते. मालिकांच्या बाबतीत शिवाराच्या जागी घरे आली आणि तलाठ्याच्या जागी यंत्र आले, एवढाच काय तो फरक.

हे यंत्र बसविण्याचे व त्याचा हिशेब ठेवण्याचे काम ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’ ऊर्फ ‘बार्क’ ही वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून उभारलेली संस्था करते. तिचे आकडे 2015च्या एप्रिलपासून प्रसिद्ध होऊ लागले. वाहिनीच्या ध्वनीत मनुष्याच्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती घरातील यंत्र ओळखते, आणि संचासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाचे बटण दाबावे अशी अपेक्षा असते. 2020 साली, बार्कच्याच पाहणीप्रमाणे, देशात दूरचित्रवाणी असलेली घरे होती सुमारे 21 कोटी आणि यंत्रे होती 44 हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेपाच हजार घरांच्या वतीने एका घराने कौल द्यावयाचा. एवढ्यावरून या मोजदादीला लबाडी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नव्हे. शितावरून भाताची परीक्षा करणे यात अशास्त्रीय काही नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती अशी की दर घटकेला झाकण काढून शीत चेपणाऱ्याच्या घरी भात शिजत नाही.

शनिवार ते शुक्रवार असा या हिशेबाचा आठवडा, आणि त्याचा निकाल पुढल्या गुरुवारी. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजारपेठ धरली जाते आणि मराठी वाहिन्यांचे दैव तेथे ठरते. हा आकडा ‘किती जणांनी लावली’ याचा नसून ‘किती जणांनी किती वेळ ठेवली’ याचा असतो. अर्ध्या तासाच्या मालिकेतून पंधराव्या मिनिटाला उठून गेलेला प्रेक्षक हिशेबात निम्माच धरला जातो. सासूने दार उघडावे, तिच्या मुद्रेवर तीन वेळा विजेचा कडकडाट व्हावा आणि दाराबाहेर कोण उभे आहे हे जाहिरातींनंतरच कळावे, या प्रकाराला आपण लेखकाचे दारिद्र्य समजतो. वस्तुतः तो प्रेक्षकाला खुर्चीला बांधून ठेवण्याचा दोर असतो, आणि तो लेखकाच्या हाती दुसऱ्याच कोणी दिलेला असतो.

परंतु मालिकेच्या आशयाहूनही तिचे भवितव्य ज्यावर अवलंबून असते ती गोष्ट म्हणजे तिची वेळ, जिला या धंद्यात स्लॉट म्हणतात. सायंकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंतचे अर्धे अर्धे तास हे एकेक वतनच होय. ज्याला साडेआठचे वतन मिळाले त्याच्या पदरी आधीच्या मालिकेची रयत आपोआप येते, कारण मनुष्यस्वभाव असा की हातातील रिमोट उचलण्यापेक्षा जे चालू आहे ते चालू देणे त्याला सोयीचे वाटते. 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसने रात्री नऊला ‘कौन बनेगा करोडपती’ आणि त्याच रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू केले. कोट्यधीश होण्याच्या स्वप्नात जागा राहिलेला प्रेक्षक आयताच त्या मालिकेतील विराणी कुटुंबाच्या दिवाणखान्यात जाऊन बसला, आणि पुढे आठ वर्षे तेथून उठला नाही. मराठी वाहिन्यांनी हा धडा चांगलाच गिरविला आहे. नवी मालिका चालत्या मालिकेच्या पाठीला बांधावी, प्रतिस्पर्ध्याच्या बलाढ्य मालिकेसमोर दुबळी घालू नये, दोन मालिकांतील पात्रांना एका मांडवात आणून ‘महासंगम’ घडवावा, रविवारी एक-दोन तासांचा ‘महाएपिसोड’ लावून आठवड्याची बेरीज फुगवावी, आणि इतके करूनही आकडा खाली आला तर मालिकेची रवानगी दुपारी किंवा रात्री अकराला करावी, हा या कारभाराचा सर्वसाधारण शिरस्ता.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, त्यानंतर दोन दशके मराठी घराने काय पाहावे हे दफ्तरातील साहेब ठरवीत, आणि येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगणाऱ्या ‘साप्ताहिकी’तून जे सांगितले जाई ते आपण निमूटपणे, बहुधा कृतज्ञतेनेही, ऐकून घेत असू. त्या काळाने ‘चिमणराव’सारखी मालिका दिली हे खरे. परंतु मंजुरीसाठी टेबलाटेबलांवरून फिरणाऱ्या कागदांखाली किती चिमणराव गाडले गेले असतील त्याची नोंद कोणी ठेवली? प्रेक्षकाचा कौल मोजावा ही कल्पना त्या हुकूमशाहीपेक्षा निःसंशय अधिक सभ्य होती. मात्र त्या जुन्या व्यवस्थेत मालिकेला तेरा भाग मंजूर झाले की ते तेरा भाग तिचे असत. कथेला आदि, मध्य आणि अंत कोठे घालावयाचा हे लेखकाला आधी ठाऊक असे. आजची मालिका तीन हजार भागांचीही असू शकते (‘चार दिवस सासूचे’ने तो पल्ला ओलांडला) आणि तीन महिन्यांचीही, आणि यांपैकी आपल्या नशिबी काय आहे हे लिहिणाऱ्याला कोणत्याही गुरुवारी कळू शकते. ज्या घराचा पाया खणताना मजले किती हे ठाऊक नाही, त्याच्या वास्तुशिल्पाविषयी आपण टीकाकार जे बोलतो ते थोडे निर्दयपणाचेच आहे.

वेळेचे वतन हे ईश्वरदत्त नसते, याचा पुरावा झी मराठी या वाहिनीच्या रात्री साडेदहाच्या वेळेत सापडतो. ज्या वेळी घरातील वडीलधारी मंडळी अंथरुणे घालतात त्या वेळी 2015 साली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या नावाने सहा तरुण एका घरात येऊन राहिले, त्यांना सासू नव्हती, आणि जो वर्ग मराठी मालिकांकडे पाठ फिरवून बसला होता तो परत आला. पुढल्याच वर्षी त्याच वेळेला ‘रात्रीस खेळ चाले’ने कोकणातील नाईकांचा वाडा उघडला आणि लोक भिण्यासाठी जागे राहू लागले. आडवेळेला धाडस परवडते, मोक्याच्या वेळेला परवडत नाही. आणि ज्या व्यवस्थेत सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गाला सर्वांत भित्रे लेखन मिळते, तिच्या हिशेबात कोठेतरी चूक असलीच पाहिजे.

ती चूक वारंवारतेची आहे असे माझे मत आहे, आणि तिच्या दुरुस्तीचा दाखला बाहेरून आणावयास नको. 2020च्या ऑक्टोबरात, काही घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या चालू ठेवावयास लावल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला (पुढे तो खटला सरकारनेच मागे घेतला), तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे तहकूब केले. ते 2022च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीने. एका आठवड्याच्या चढउतारावर विसंबणे धोक्याचे, हे तत्त्व बातम्यांपुरते मान्य झाले. मग कथेने काय अपराध केला आहे? जाहिरातदार म्हणतील, आमचा पैसा आठवड्याच्या हिशेबाने खर्ची पडतो. पडो, त्यांना त्यांचे कागद खुशाल मिळोत. परंतु गुरुवारचा जाहीर तमाशा थांबावा, मालिकांनाही चार आठवड्यांची सरासरी लागू व्हावी, आणि नव्या मालिकेची वेळ पहिले सहा महिने हलविणार नाही असा करार वाहिनीने निर्मात्याशी करावा. पिकालासुद्धा महसूल खाते आधी नजरअंदाज पैसेवारी लावते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. पेरलेले उगवण्याच्या आत कापणीचा प्रयोग करणारा तलाठी मी अद्याप पाहिलेला नाही.

वाईला माझी मावशी असते. ती साडेसातला संच लावते, अकराला बंद करते, आणि मधल्या काळात भाजी निवडते, जेवते, औषधे घेते. दोन वर्षांपूर्वी तिला आवडती मालिका विचारली तेव्हा ती म्हणाली होती, “अरे, ती साडेआठची.” मध्यंतरी त्या मालिकेची बदली दुपारी झाली. गेल्या दिवाळीत मी हळहळून विचारले, “आता तुझी मालिका चुकत असेल, नाही?” मावशीने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, “दुपारी मी झोपते. आणि चुकते कुठली? साडेआठची चालू आहे की.”