पिल्लांना किडे, पण कोणते?

भगिनींनो, नुसत्या कण्यांवर कोंबडीची पिल्ले नीट वाढत नाहीत. त्यांना प्रथिने हवीत, आणि ती किड्यांतून फुकट मिळतात. रत्नागिरीकडे पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी दिव्यावर येते. दिव्याखाली पाण्याचे घमेले ठेवा. त्यात पडलेली वाळवी सकाळी पिल्लांना घाला. पण रोज एकच किडा नको. कधी नाकतोडे, कधी तांदूळ निवडताना निघालेल्या अळ्या द्या. किड्यांत कॅल्शियम कमी असते. म्हणून अंड्यावर आलेल्या कोंबडीला तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा द्यावा.

एक काळजी मात्र घ्या. फवारणी झालेल्या हापूसच्या बागेतले किडे कधीही घालू नका. ते विष किड्यातून कोंबडीत आणि अंड्यातून आपल्या लेकरांच्या ताटात येऊ शकते.