पुरावा कपाटात आहे, तो बाहेर काढा!

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की वर्षातून एकदा तरी एक काम तिच्यापुढे येतेच. प्राध्यापक सांगतात, अमुक विषयावर शोधनिबंध लिहून आणा. त्या वेळी आपल्या बहुतेक घरांत काय घडते? मोबाइल उघडला जातो, चार ठिकाणचे चार उतारे एकाखाली एक चिकटविले जातात, रंगीत मुखपृष्ठ छापून घेतले जाते आणि निबंध सादर होतो. पुष्कळदा तो न वाचताच त्यावर सही होते. गुण मिळतात. आई-बापांना समाधान वाटते. हे समाधान खोटे आहे, आणि इतरांस परवडले तरी आपल्याला ते परवडणारे नाही, एवढेच मला येथे सिद्ध करावयाचे आहे.

न्यायालयात ऐकीव गोष्टीला किंमत नसते. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला; परंतु मूळ दस्तऐवज तो प्राथमिक पुरावा आणि त्याची नक्कल तो दुय्यम पुरावा, हा भेद जुन्या कायद्यात होता तसाच नव्यातही आहे. ज्याची बाजू खरी आहे त्याचाही दावा पुराव्यावाचून फेटाळला जातो, हे वकिली करणारा प्रत्येक माणूस जाणतो. मग ज्या समाजाला आपला इतिहास जगापुढे मांडावयाचा आहे, त्याने ऐकीव गोष्टींवर विसंबून कसे चालेल?

आज बाबासाहेबांच्या नावावर किती वचने फिरत आहेत! सभेच्या फलकावर, लग्नाच्या पत्रिकेवर, मोबाइलच्या पडद्यावर. त्यांतील एखादे उचलून कोणी विरोधकाने विचारले, ‘हे कोठे लिहिले आहे?’, तर आपण काय उत्तर देणार? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे इंग्रजी खंड प्रसिद्ध केले आहेत. त्यामुळे उत्तर एकच असू शकते : खंड सांगा, पान सांगा. ज्या वचनाचा खंड आणि पान सांगता येत नाही ते वचन कितीही गोड असो, ते वापरू नका. एक खोटे वचन पकडले गेले, की शंभर खरी वचने संशयास पात्र ठरतात. हे नुकसान करणारा बाहेरचा नसतो. तो आपलाच उत्साही माणूस असतो.

कोणी म्हणेल, आता प्रश्न विचारताच क्षणार्धात निबंध लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत, ग्रंथालय हवे कशाला? त्यास २०२३ सालचे न्यूयॉर्कमधील उदाहरण सांगा. तेथील दोन वकिलांनी अशाच यंत्राने पुरविलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले. शोधू गेल्यावर ते निवाडे अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले, आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. यंत्राला ओशाळे वाटत नाही. खाली सही करणाऱ्याची मात्र अब्रू जाते.

तेव्हा शोधनिबंध कसा करावा ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण आपल्याच शहरातील घेतो. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात जो करार झाला, त्यावर दर वर्षी व्याख्याने होतात. एक वक्ता सांगतो, करारात अस्पृश्य वर्गास प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा मिळाल्या. दुसरा सांगतो, १५१. श्रोते दोघांनाही टाळ्या देतात. विद्यार्थ्याने मात्र येथेच थांबले पाहिजे. कारण दोन आकडे जेथे जुळत नाहीत तेथेच संशोधन सुरू होते.

पहिली पायरी प्रश्नाची. ‘पुणे करार’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘करारातील जागा किती, आणि दोन आकडे का आढळतात?’ हा प्रश्न. प्रश्न लहान करा. उत्तर खोल मिळते.

दुसरी पायरी तालिकेची. ग्रंथालयात गेल्याबरोबर कपाटांकडे धावू नका. संगणकावरील तालिकेत लेखक, ग्रंथनाम आणि विषय या तिन्ही वाटांनी शोधा. जेथे ड्युईची दशांश पद्धती आहे तेथे भारताचा इतिहास ९५४ या अंकाखाली, निवडणुकीचे ग्रंथ ३२४ खाली, तर घटनाविषयक कायदा ३४२ खाली असतो. म्हणजे एकाच कराराची पुस्तके तीन कपाटांत विखुरलेली असतात. पुस्तके कोठे सापडतील हे ग्रंथपालांना विचारण्यात कमीपणा नाही. वाचकास वाट दाखविणे हे त्यांचे कामच आहे.

तिसरी पायरी मूळ कागदाची. कराराचा मजकूर काढा आणि प्रांतवार आकडे स्वतःच्या हाताने लिहून घ्या : मद्रास ३०, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, बिहार व ओरिसा १८, मध्य प्रांत २०, आसाम ७, बंगाल ३०, संयुक्त प्रांत २०. बेरीज करा, १४८ येते. आता १९३५ चा भारत सरकारचा कायदा उघडा आणि त्याच्या पाचव्या परिशिष्टातील तक्ता पाहा. तेथे बिहारला १५ आणि ओरिसाला ६ जागा आहेत; उरलेल्या प्रांतांचे आकडे तेच आहेत. ओरिसा १९३६ मध्ये स्वतंत्र प्रांत झाला. ज्या जोडप्रांतास १८ जागा होत्या, त्याच्या दोन प्रांतांस मिळून २१ झाल्या. तीन वाढल्या, म्हणून १५१. दोन्ही वक्ते खरे होते. एक कराराचा आकडा सांगत होता, दुसरा कायद्याचा. दोन कागद आणि एक बेरीज, एवढ्याने वाद मिटला. हे काम कोणत्याही टाळीने झाले नसते.

चौथी पायरी दोन्ही बाजू ऐकण्याची. आकडा कळला म्हणजे करार कळला असे नव्हे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदारास स्वतंत्र मतदारसंघात एक व सर्वसाधारण मतदारसंघात एक असे दुहेरी मत दिले होते. करारानंतर ते गेले. त्याऐवजी, अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावयाचे आणि त्यांतून एकास सर्व मतदारांनी मिळून निवडावयाचे, अशी व्यवस्था आली. जो केवळ जागा मोजतो तो म्हणतो, लाभ झाला. जो केवळ दुहेरी मत पाहतो तो म्हणतो, घात झाला. निबंधात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या पाहिजेत. प्यारेलाल यांचा ‘द एपिक फास्ट’ हा गांधींच्या बाजूचा १९३२ चा वृत्तांत वाचा, आणि त्यास बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात दिलेले उत्तर शासनाच्या नवव्या खंडात वाचा. गांधींची त्या महिन्यातील पत्रे व निवेदने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या ५१ व्या खंडात आहेत. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचल्यावाचून त्याचे खंडन करावयास निघणे म्हणजे प्रतिपक्षाची कैफियत न पाहता युक्तिवादास उभे राहणे होय. निवाड्याने मुळात किती जागा दिल्या होत्या हे मी मुद्दाम सांगत नाही. निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आकडे भेटतील; मूळ तक्ता काढून ते ठरविणे हे तुमच्या मुलीचे काम राहो.

पाचवी पायरी टिपणाची. प्रत्येक टिपणावर लेखक, ग्रंथ, प्रकाशनाचे वर्ष आणि पान लगेच लिहा. उतारा अवतरणचिन्हांत, आपले मत वेगळ्या रंगात. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून देणे ही चोरी आहे, आणि आपले मत दुसऱ्याच्या, विशेषतः बाबासाहेबांच्या, तोंडी घालणे ही बनावट दस्तऐवजाइतकीच गंभीर गोष्ट आहे.

आता हे ग्रंथ कोठे आहेत? पुण्यातच आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयास मु. रा. जयकरांचे नाव आहे. ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. भारत सेवक समाजाच्या गो. कृ. देवधरांनीही त्यावर सही केली. त्याच समाजाने १९३० मध्ये स्थापिलेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, आणि खानेसुमारी, अर्थकारण व सरकारी अहवाल यांसाठी तेथे जावे. ज्यांच्या सह्यांची चिकित्सा करावयाची, त्यांच्याच नावाच्या आणि त्यांच्याच संस्थेच्या दारी ती करण्याचे साधन आहे! १८४८ साली, म्हणजे फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली त्याच वर्षी, स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर शहराच्या मध्यावर आहे. वृत्तपत्रांच्या जुन्या फायली पाहताना १९३२ चा ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि बाबासाहेबांचा ‘जनता’ ही तीन पत्रे शेजारी ठेवून वाचा. एकाच दिवसाची तीन चित्रे दिसतील. विद्यापीठांना सादर झालेले पुष्कळ प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तेव्हा संगणकाशी आपले वैर नाही. पानाचा क्रमांक न सांगणाऱ्या मजकुराशी आहे.

‘आपल्या मुलांना तेथे कोण विचारतो?’ हा आक्षेप मी पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. परंतु उत्तर स्पष्ट आहे. संविधानाचा अनुच्छेद १५, खंड (२), राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक राबत्याच्या जागी जातीच्या वा धर्माच्या कारणाने मज्जाव करण्यास मनाई करतो. अनुदानावर चालणारे सार्वजनिक ग्रंथालय त्यात येते असे माझे मत आहे. शिवाय १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे. संस्थेच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकास परवानगी लागत असेल, तर प्राचार्यांचे पत्र घेऊन जा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी मागताच पुष्कळ नकार गळून पडतात. आणि ग्रंथालय म्हणजे केवळ स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका नव्हे. तेथे स्वतःची पुस्तके नेऊन बसणारे आपले तरुण रोज दिसतात. तालिकेपाशी उभे राहणारे फार थोडे. हे उलटे झाले पाहिजे.

‘एवढे कष्ट विद्यार्थ्याने कशास करावेत?’ असे ज्यांना वाटते त्यांनी ९ मे १९१६ हा दिवस आठवावा. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याने आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या मांडल्या, प्रत्येकीतील उणीव दाखविली, केतकरांच्या चिकित्सक बुद्धीची दादही दिली, आणि मगच स्वतःचे मत सांगितले. पुढल्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. जातीचे चटके सोसलेल्या माणसाला केवळ अनुभवाच्या बळावर बोलता आले असते. तरी त्याने आधीच्यांचे ग्रंथ वाचले. अनुभव हा आपला साक्षीदार आहे, परंतु साक्षीदाराच्या पाठीशी कागद लागतो, हे बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच दाखवून दिले.

म्हणून आई-बापांनो, यापुढे मुलाने निबंध लिहून आणला की गुण नंतर विचारा. प्रथम विचारा, ‘हे कोणत्या ग्रंथात पाहिलेस? कोणत्या पानावर?’ तुम्ही शाळेची पायरी चढला नसाल तरी हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. प्राध्यापकांनाही विचारा, की पान नसलेला निबंध आपण स्वीकारलात कसा? जयंतीच्या वर्गणीतून दर वर्षी एक रक्कम काढून वस्तीतील दोन विद्यार्थ्यांचे ग्रंथालयाचे शुल्क भरा. आणि सभेत वक्त्याने आकडा सांगितला, तर टाळी देण्याआधी तुमच्या मुलीने उठून आधार मागितला पाहिजे. तिला खाली बसवू नका.