रुग्णाच्या उशाशी बसताना



आपले माणूस घाटीत ॲडमिट झाले की घरातले एक जण उशाशी बसते, एक जण चिठ्ठी घेऊन औषधाला धावते आणि बाकीचे बाहेर डबा सोडून वाट पाहतात. जालना, बीडकडून आलेल्यांना तर पाळी बदलायलाही कोणी नसते. सकाळी डॉक्टर राऊंडला येतात, "रात्री कसे होते?" असे विचारतात आणि रात्रभर जागलेली माउली म्हणते, "बरं हाय साहेब." पहाटे दम लागला होता, संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती, हे सारे तिने पाहिलेले असते. पण जास्त बोललो तर साहेब रागावतील, ही भीती आपल्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही. ती रुग्णाला महागात पडते, म्हणून आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत.

जुलाबाने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात लोळणाऱ्या भिक्खूची कथा आपल्याला ठाऊक आहे. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा घेतली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात तिच्यापुढे शुश्रूषा कोणी करावी हेही सांगितले आहे. ज्याला पथ्य-कुपथ्य कळते, मलमूत्र-ओकारीची किळस येत नाही आणि जो लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो, त्याने ती करावी. रुग्णानेही आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे खरेखरे सांगावे. नर्सिंगच्या मुलींना आजही सुरुवातीला हेच शिकवतात. आधी पाहा, मोजा, मग जसे आहे तसे सांगा.

मोजायला सर्वांत महत्त्वाचा श्वास, आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. रुग्णाला "श्वास मोजतो" असे सांगू नका, सांगितले की त्याची लय बदलते. नाडी पाहत असल्यासारखा मनगटावर हात ठेवा आणि छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. शांत पडलेला असताना तो २५ च्या पुढे गेला तर सिस्टरना लगेच सांगा. लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. बाळाची छाती आत ओढली जात असेल तर थांबूच नका. नाडी मोठ्या माणसाची ६० ते १०० असते.

आता एक गोष्ट, जी पुस्तकांत बरेचदा राहून जाते. कातडी लाल होते, ओठ निळे पडतात, अशी लक्षणे गोऱ्या माणसांकडे पाहून लिहिलेली आहेत. आपल्या सावळ्या अंगावर ती पटकन दिसत नाहीत. रक्त कमी आहे का हे पाहायला खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला पाहा. कोरोनापासून घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिजनचे यंत्रही गडद कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे २०२० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. आकडा ९५ आहे पण माणसाला बोलतानाही धाप लागते आहे, तर धापेवर विश्वास ठेवा.

अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा, खुबा येथे रोज हात लावून पाहा. जागा गरम, कडक किंवा भोवतीपेक्षा काळी लागली तर तेथे जखम होऊ पाहते आहे. ती जागा जोराने चोळू नका, फक्त तिच्यावरचा भार काढा. भरवताना माणूस टेकून बसलेला आणि पूर्ण जागा हवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात प्रेमाने घातलेला पेजेचा चमचाही फुप्फुसात जाऊ शकतो.

चांगला बोलणारा माणूस अचानक बरळू लागला, घरच्यांना ओळखेना, तर लिंबू उतरवण्यात वेळ घालवू नका. साखर उतरली असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, रक्तात जंतू पसरले असतील. दवाखान्यात असाल तर सिस्टरना उठवा, घरी असाल तर १०८ ला फोन लावा.

या सगळ्याला मुलाच्या जुन्या वहीची चार पाने पुरतात. वेळ, श्वास, नाडी, ताप, किती प्याला, लघवी किती वेळा झाली, कूस कधी बदलली, एवढे लिहा. सहा-आठ तास लघवीच झाली नसेल तर त्याखाली रेघ ओढा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या खाटेजवळच्या पोराकडून लिहून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. पाळी बदलताना वही पुढच्याच्या हातात द्या आणि सकाळी राऊंडला "बरं हाय" म्हणण्याआधी ती उघडून डॉक्टरांपुढे धरा.